खिळ्यावरचा फर्मा

सर, तुम्हाला एक परवानगी विचारायची आहे. उशीर झालाय, हे मला कळतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की पोलादपूरच्या शाळेत तुम्हाला फळ्यापाशी उभं पाहिलेला माणूस आता शोधूनच काढावा लागेल, आणि सापडलाच तर तोही माझ्यासारखा, चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा निघेल. पण झालंय असं, की माझ्या मुलीने गेल्या आठवड्यात काही जणांना पत्रं धाडली. आम्ही बापलेकींनी केलेल्या एका वस्तूला ज्यांचा ज्यांचा हात लागला, त्या सगळ्यांना तिने विचारलं, की हिचा परवाना बदलायचा विचार आहे, तुमची काही हरकत आहे का? तसं विचारावंच लागतं म्हणे. उत्तरं आली. मी तिला म्हटलं, "एक हात राहिला." ती म्हणाली, "कोणाचा?" मी म्हटलं, "माझ्या ड्रॉइंगच्या सरांचा." ती हसली नाही, हे तिचं चांगलं. एवढंच म्हणाली, "अप्पा, रीत कुणाच्या मालकीची नसते. लिहिलेल्याची मालकी असते. रीत सरांची होती, लिहिलं आपण. कायद्याने त्यांना विचारायची गरज नाही." तिचं बरोबर आहे. तरी मी कागद पुढे ओढला.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. तुमच्या वेळचा तो लांब टी-स्क्वेअर, गुण्या, टोक काढून काढून बोटाएवढी झालेली पेन्सिल, हे सगळं आता एका पडद्यात गेलं आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत मी उभी हयात ड्रॉइंग बोर्डावर वाकून काढली, आणि निवृत्तीच्या आधीची काही वर्षं त्या पडद्यासमोर. ड्रॉइंगची ही सॉफ्टवेअरं बहुतेक मोठ्या कंपन्यांची असतात. दरसाल पैसे भरायचे, आणि भरले नाहीत तर आपणच काढलेलं ड्रॉइंग आपल्याला उघडत नाही. स्वतःच्या घराला बाहेरून दुसऱ्याने कुलूप घातल्यासारखं मला ते नेहमी वाटे. पण एक सॉफ्टवेअर असं आहे की ते फुकट मिळतं, आणि नुसतं फुकट नव्हे, उघडं असतं. आत ते कसं चालतं ते कुणीही झाकण काढून पाहावं, बदलावं, शेजाऱ्याला द्यावं. जगभरची माणसं मिळून ते करतात, एकमेकांची तोंडं न बघता. त्याला जोडायचा एक छोटा तुकडा आम्ही केला. नळी केवढी, तिचा कोपर, म्हणजे वळणाचा तुकडा, किती अंशांत वळवायचा, पत्रा किती जाड, एवढं सांगितलं की तो कोपर उलगडून सपाट पत्र्यावर कुठे कापायचा, त्याची लाटेसारखी रेघ समोर येते. भूमिती तुमची, माझ्या हातून आलेली. संगणकाची भाषा मुलीची. नाव काय ठेवायचं असं तिने विचारलं तेव्हा मी जराही थांबलो नाही. फर्मा.

तुमची ती खोली मला अजून दिसते. शाळेच्या मागच्या अंगाला, तांत्रिक विभाग असं पाटीवर लिहिलेलं, आत पत्रे जोडायच्या झाळणीचा आणि कापलेल्या जस्ताच्या पत्र्याचा आंबूस वास. खिडकीतून घाटाकडचे डोंगर निळे दिसतात. भिंतीवर खिळ्यांची रांग आहे आणि प्रत्येक खिळ्याला रोगण लावलेल्या जाड पुठ्ठ्याचा एक फर्मा, पत्र्यावर ठेवून कड आखायचा साचा, लटकतो आहे, नरसाळ्याचा, बादलीच्या बुडाचा, पन्हळीच्या कोपराचा. मे महिना लागला की आसपासचे पत्रेवाले पन्हळींच्या कामाला तुमच्याकडे येत, कारण कोपर उलगडायची रीत या बाजूला तुम्हालाच नीट येत होती. मुलगे असोत की पत्रेवाले, तुमचा नियम एकच. "न्यायचा तर न्या. वापरा, बदला, पोटाला मिळवा. पण बदललात तर बदललेला आणून याच खिळ्याला लावा, आणि कोपऱ्यात लिहा काय बदललं ते." एकदा मी कोपराच्या फर्म्यातली एक खोट काढली, नवा कापला, मोठ्या ऐटीत लटकवला. तुम्ही तो हातात घेऊन बघितला, बोट फिरवलं, आणि विचारलंत, "जुना कुठाय?" मी म्हटलं, "टाकला, सर. चुकीचा होता." "अरे शहाण्या, तो का चुकला हे पुढच्याला कसं कळणार? जा, उकिरड्यातून काढून आण." मी आणला. त्याच खिळ्याला, नव्याच्या मागे, तो जुनाही लागला. आता मुलगी संगणकावर प्रत्येक बदल जुन्यासकट जपून ठेवते, आणि त्या शिस्तीला काहीतरी इंग्रजी नाव आहे. मी ते नाव विसरतो, उकिरडा विसरत नाही.

फर्मा पहिल्यांदा नेटवर ठेवायचा होता तेव्हा मुलीने विचारलं, "अप्पा, लायसन्स कुठलं लावू?" मला वाटलं, फुकट द्यायचं त्याला परवाना कशाला? ती म्हणाली, "काहीच लिहिलं नाही तर कुणाला हात लावायचा हक्कच राहत नाही. नुसतं बघायचं." मग तिने दोन जाती समजावल्या. पहिली सढळ हाताची. घ्या, काय वाटेल ते करा, कुलूप घालून विका, फक्त मूळ करणाऱ्याचं नाव ठेवा. दुसरीही द्यायला तेवढीच सढळ. घ्या, बदला, विकासुद्धा, पण पुढे कुणाला द्याल तेव्हा तुमच्या बदलांसकट उघडंच द्या, याच अटीवर. मी दुसरीकडे बोट दाखवलं. "का?" म्हणाली. मी म्हटलं, "बरी वाटते." खरंच, त्या वेळी याहून जास्त काही मनात नव्हतं.

त्यातून एक गंमत झाली, ती तुम्हाला आवडेल. वसाहतीतला एक छोटा कारखानदार मुलीकडे ड्रॉइंगं करून घेतो. तो एकदा भांडायच्या तयारीनेच आला. "मॅडम, ते तुमचं उघडं सॉफ्टवेअर म्हणजे भानगड हाय म्हणतात. त्यात माझ्या रिॲक्टरचं ड्रॉइंग काढलं तर ते पण समद्या गावाला द्यावं लागतं का? मग मी काय दुकान बंद करू?" मुलगी समजावायला लागली, पण त्याचं डोकं हलेना. मला तुमचा तो मराठीचा तास आठवला. मराठीचे गुरुजी रजेवर होते, म्हणून तुम्ही हातात लाकडी पट्टी घेऊन आमच्या वर्गावर आलात, आणि कविता शिकवायच्या ऐवजी टेबलावर पट्टीने भुजंगप्रयात वाजवून दाखवलात. एक आखूड, दोन लांब, पुन्हा एक आखूड, दोन लांब. आम्ही सगळे त्यात शाळेच्या घंटेवर आणि डब्यातल्या भाकरीवर ओळी रचायला लागलो. तेव्हा मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "सर, वृत्त तर त्या जुन्या कवीचं. आपण वापरलं ती चोरी नाय का?" तुम्ही म्हणालात, "वृत्त कुणाच्या बापाचं नाय रे. ओळी मात्र ज्याच्या त्याच्या." मी त्या कारखानदाराला तेच सांगितलं. सॉफ्टवेअर म्हणजे वृत्त. त्यात बसवलेलं ड्रॉइंग तुमचं, ते तिजोरीत ठेवा. तो म्हणाला, "काका, असं सरळ सांगा की!" आणि चहा मागितला.

तो गेल्यावर मुलगी मात्र म्हणाली, "तुमचं उदाहरण सगळं बरोबर नाही, अप्पा. आपल्या फर्म्यात तयार तुकडे आहेत, फ्लँजचे, बोल्टांचे, झडपांचे. ते उचलून तो ड्रॉइंगमध्ये बसवतो, म्हणजे ते तसेच्या तसे त्यात जातात. ते वृत्त नाही, ती आपली ओळच झाली." खरंच की. मग तिने परवान्याखाली एक जादा वाक्य जोडलं, की तयार तुकडे ड्रॉइंगात वापरले तर ते ड्रॉइंग उघडं करायची अट नाही. अट फक्त फर्म्यापुरती. तिची ही नजर पाहिली की मला वाटतं, तुमच्या हाताखाली ही असती तर उकिरड्यापर्यंत जायची वेळच आली नसती.

उघडंच देण्याच्या त्या अटीचा पहिला गुण महाडजवळच्या बिरवाडीत दिसला. तिथे एक फॅब्रिकेशनवाला आहे, कारखान्यांच्या धुराच्या नळ्या करतो. दुकान म्हणजे रस्त्याकडेची शेड, दाराशी ठिणग्या आणि गाण्यांचा आवाज. तुमची रीत अशी, की सांधा नेहमी कोपराच्या पोटाकडे, वळणाच्या आतल्या अंगाला, घ्यायचा, कारण तिथे तो आखूड पडतो आणि झाळणी कमी लागते. आम्हीही फर्म्यात तेच धरलं होतं. तो म्हणाला, "काका, पन्हळीला ठीक हाय. माझ्या नळीत धुराचं पाणी व्हतं आणि तळाला बसतं. नळी कशीबी वळते, कधी पोट तळाला येतं. मग सांधा तिथंच आला की आम्ल तो खातं. सांधा फिरवता आला पायजे." त्याच्या भाच्याला संगणकाचं कळतं. दोघांनी मिळून तशी सोय केली आणि आम्हाला पाठवून दिली. आता सांधा पाहिजे तिकडे फिरतो. ती सोय पुढे कुठकुठल्या माणसांनी वापरली, आम्हाला माहीतही नाही. आणखी दोघातिघांनी दुरून आपापली भर घातली. खिळ्यावर पुठ्ठे वाढत गेले.

आणि मग पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. तिचं स्वतःचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आहे, विकायचं, कुलूपवालं. तिला फर्मा त्याच्या पोटात घ्यायचा आहे. पण आमच्या अटीवर घेतला तर ते आख्खं सॉफ्टवेअर उघडं करावं लागेल, आणि ते तिला परवडणार नाही. म्हणून म्हणणं असं, की पहिल्या जातीचा परवाना करा, सढळ हाताचा. बदल्यात मुलीला ती कंपनी कायमचं काम देणार, इथे घरी बसून करायचं. नाव वर ठेवणार. पत्र अदबीचं होतं. त्यात वाईट काहीच नव्हतं.

हे काम म्हणजे काय, ते सांगायला हवं. तिची आई गेल्यावर ती पुण्याची नोकरी सोडून माझ्यासाठी महाडला आली. बाजारपेठेच्या वरच्या अंगाला एका खोलीत तिचं ड्रॉइंगचं ऑफिस आहे. काम असतं, नसतं. ती तक्रार करत नाही, पण मे संपेपर्यंत बघते आणि नाहीतर जूनमध्ये परत पुण्याला जाते, हे तिने मला भाजी निवडता निवडता सांगून ठेवलं होतं. "तुम्ही चला माझ्याबरोबर," असंही म्हणाली. मी तिकडे जाऊन काय करणार, सर? त्यामुळे त्या पत्रात माझंही म्हातारपण होतं, हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

परवाना बदलायचा तर हात लागलेल्या सगळ्यांची संमती हवी. एकाने जरी नाही म्हटलं तर त्याचा तुकडा काढून टाकून पुन्हा लिहावा लागतो. दूरच्यांनी हो कळवलं. बिरवाडीला आम्ही दोघं रिक्षाने गेलो. त्याने यंत्र बंद केलं, हात पुसले, सगळं ऐकून घेतलं. मग मुलीला म्हणाला, "ताई, तुमचं भलं व्हत असल तर माझी ना नाय. लिहून घ्या. फकस्त एक सांगा. त्या पुणेवाल्यांनी माझ्या सांध्यात काय नवं केलं, तर ते मला दिसल का?" मुलगी खरं बोलते. म्हणाली, "नाही दिसणार, दादा. विकत घेतलंत तरी आतलं नाही दिसणार." तो "बरं" म्हणाला. मग म्हणाला, "च्या घ्या." सही त्याने करून दिली. शेवटी राहिलो मी. मूळ लिहिणारे आम्ही दोघं, त्यातली ती माझ्यावर सोडून मोकळी झाली. "भूमिती तुमची आहे, अप्पा. तुम्ही म्हणाल तसं. मी रुसणार नाही."

आता तुमच्याकडे येतो. महाडचा एक पत्रेवाला होता, तुम्हाला आठवेल, गळ्यात मफलर, मे महिन्यातसुद्धा. त्याने पन्हळीच्या कोपराचा फर्मा नेला आणि परत आणलाच नाही. शाळा सुरू झाली, खिळा रिकामा. मी तुम्हाला म्हटलं, "सर, त्याने नाय आणला. मी जाऊन मागून आणू?" तुम्ही पुठ्ठा घेतलात, आठवणीनेच आखलात, कापलात, रोगण लावून वाळत ठेवलात. म्हणालात, "न आणू दे. खिळा आपलाच आहे ना?" पुढल्या वर्षी तो पुन्हा आला, मान खाली घालून, आणि तुम्ही त्याला दुसरा फर्मा काढून दिलात, जुन्याचा विषय न काढता. मी दाराशी उभा होतो. तुम्ही मोठे आहात हे मला त्या दिवशी कळलं, असं मी कितीतरी वर्षं लोकांना सांगत आलो.

पण पुढचं तुम्हाला माहीत नाही. तुम्ही निवृत्त होऊन गावी गेलात, आणि मी नोकरीला लागल्यावर एकदा त्या पत्रेवाल्याच्या दुकानात गेलो होतो. तुमचाच फर्मा भिंतीला होता. रोगण काळं पडलेलं, पण कोपऱ्यातलं अक्षर तुमचं. त्याच्या कडेला त्याने बोटभर पट्टी वाढवली होती, दुमडायला. त्या दुमडीने कोपर झाळणीशिवाय नुसता ठोकून बसत होता. इतकी साधी युक्ती. ती आपल्या खिळ्यावर कधी आलीच नाही, सर. आपले मुलगे त्यानंतरही वर्षानुवर्षं झाळतच राहिले, बोटं भाजून घेत. आणि तुम्ही गेल्यावर एकदा मी शाळेत डोकावलो, तर त्या खोलीत मोडके बाक रचून ठेवले होते. खिळे सगळे जागच्या जागी होते. एकालाही काही नव्हतं. खिळा आपला, हे तुम्ही म्हणालात ते खरं, पण आठवणीने नवा कापणारा हात तुमचा होता. तो असेतोवर कुणी काय नेलं याने फरक पडत नव्हता. माझ्यात तो हात नाही. कालच पुठ्ठ्यावर कंपासने कोपर आखायला बसलो, सवय म्हणून, तर सातव्या रेघेला विसरलो पुढे काय.

मुलीने मधला एक मार्ग काढला आहे. फर्मा वेगळाच राहील, शेजारी. त्यांचं सॉफ्टवेअर त्याला माप देईल, तो रेघ काढून परत देईल. दोघांची घरं वेगळी, नुसता निरोप जाईल-येईल. म्हणजे त्यांचं कुलूप त्यांच्याकडे, आपला खिळा उघडा, आणि फर्म्यात काही सुधारलं तर ते भिंतीवर येईल. हे चालेल का, असं त्यांना विचारायचं. चालेल असं तिला फारसं वाटत नाही. त्यांना पोटात हवाय, शेजारी नको. त्यांनी नाही म्हटलं तर कायमचं काम गेलं, आणि जून फार लांब नाही. ती हे सगळं सांगताना हिशेब सांगितल्यासारखी सांगत होती, आणि मी तिच्या ओढणीला लागलेल्या पेन्सिलच्या डागाकडे बघत होतो. अजून पेन्सिल वापरते ती, आधी कागदावर.

तर सर, मी तुमची परवानगी मागतो आहे. सढळ परवाना द्यायला नाही म्हणावं का? तुमच्या रिवाजाच्या पहिल्या अर्ध्यावर, बदललेलं आणून लावा यावर, उभं राहून दुसरा अर्धा, न आणणाऱ्यालाही द्या हा, मोडावा का? एवढंच विचारायचं होतं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, पत्ताही नाही. लिहून झालं की मुलीच्या ऑफिसात एखाद्या रिकाम्या खिळ्याला अडकवून ठेवीन म्हणतो, तिथे कॅलेंडर होतं मागच्या वर्षीचं.

एक मात्र कबूल करतो. उत्तर आज सकाळीच पाठवून झालं आहे. देणार नाही, शेजारी ठेवायचा तर ठेवा, असं. मुलीने मला वाचून दाखवलं, मी हो म्हटलं, तिने बटण दाबलं आणि ऑफिसला निघून गेली. तुम्ही "देऊन टाक रे" म्हणाला असतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून आधी पाठवलं, आणि मग तुम्हाला विचारायला बसलो.